टायर बदलल्यापासून ॲव्हरेज पडलंय? आधी मीटर खरं बोलतंय का बघा

टायर नवीन टाकले आणि ॲव्हरेज दोन किलोमीटरनी पडलं, हे रडगाणं मी ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं ऐकलंय. प्रत्येकाचं निदान पण ठरलेलंच असतं, टायर मोठे टाकले ना, मग गाडी पेट्रोल पिणारच. मी पण हेच म्हणायचो. मग माझ्याच गाडीचं झालं, आणि मी जरा चिकट माणूस असल्यामुळं वही घेऊन बसलो, तर कळलं की जे दोन किलोमीटर "पडले" त्यातले सव्वाच्या वर तर कधी पडलेच नव्हते.

गाडी वॅगनआर, १.० पेट्रोल, कंपनीचा साइज १६५/७० आर १४. राहायला कराडला, आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जाणं आणि महिन्यातून एकदा पाटणच्या पुढं गावी. ५२ हजार झाले तेव्हा टायर पार गोटा झाले होते. टायरवाला म्हणला, साहेब, गावाकडं स्पीडब्रेकरला खालून घासते म्हणता ना, मग १६५/८० टाका, रिम तीच, रुंदी तीच, गाडी जरा उंच होईल, सगळेच टाकतात. मला पटलं. गाडी दिसायला पण रुबाबदार झाली, खोटं कशाला बोलू.

आधी टाकी टू टाकी १९.२ बसत होतं. नवीन टायरवर पहिल्या तीन टाक्यांचं आलं १७. म्हणजे २.२ ची घसरण. डोकं गरम झालं, टायरवाल्याला फोन लावला, तो म्हणला नवीन टायर आहेत, रुळतील हळूहळू. आता हे वाक्य अर्धं खरं असतं म्हणून जास्त घातक आहे.

आता मुद्द्याचं. गाडीचं मीटर किलोमीटर मोजत नाही, ते चाकाचे फेरे मोजतं. एका फेऱ्यात गाडी इतकी पुढं जाते असा एक आकडा कंपनीनं आत बसवून ठेवलेला असतो, तेवढ्यानं गुणायचं आणि दाखवायचं. टायर मोठा टाकला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते पण मीटरला त्याचा पत्ता नसतो, ते बिचारं जुन्याच आकड्यानं गुणत बसतं. म्हणजे तुम्ही १०० किलोमीटर गेलात तरी ते ९५ दाखवणार, आणि तुम्ही त्या ९५ ला लिटरनं भागून डोक्याला हात लावणार.

किती फरक पडतो ते घरी काढता येतं, फार गणित नाही. टायरवर तीन आकडे असतात. १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे सायडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १४ म्हणजे रिम इंचात. रिमचे मिलिमीटर करा, १४ गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६. सायडवॉल १६५ चे ७० टक्के म्हणजे ११५.५, ती वर एकदा आणि खाली एकदा म्हणून दुप्पट २३१. बेरीज ५८६.६, हा झाला टायरचा पूर्ण व्यास. आता माझ्या नवीन टायरचं करा, १६५ चे ८० टक्के १३२, दुप्पट २६४, अधिक ३५५.६, आले ६१९.६. म्हणजे ५.६ टक्क्यांनी मोठा! नावात फक्त ७० चं ८० झालं होतं, आणि मी समजत होतो की थोडासाच फरक आहे.

कागदावरच्या हिशोबावर विश्वास नसेल (माझा पण नव्हता) तर खडू घ्या. सपाट जागी गाडी उभी करून टायरच्या तळाशी आणि जमिनीवर एकच रेघ मारा, घरातल्या कुणाला तरी गाडीत बसवून गाडी हळूच ढकलत एक पूर्ण फेरा होऊ द्या, टायरची खूण परत तळाशी आली की जमिनीवर दुसरी रेघ, आणि टेपनं अंतर मोजा. माझं १ मीटर ८९ सेंटिमीटर आलं, कंपनीच्या साइजला ते १ मीटर ७९ च्या आसपास येतं. व्यासाला ३.१४ नं गुणल्यावर येतं त्याच्यापेक्षा हे कमीच भरतं, कारण वजनानं टायर खाली दबलेला असतो, त्यानं गोंधळू नका, दोन्हीतलं प्रमाण तेच राहतं.

मग रस्त्यावर खात्री केली. हायवेला सहापदरीचं काम चालू, किलोमीटरचे दगड कुठं आहेत कुठं नाहीत, म्हणून मोबाईलवर जीपीएस लावून साताऱ्याला जाऊन आलो. जीपीएस १००.४, मीटर ९५.१. भागाकार करा, तोच ५.६ टक्के.

म्हणजे १७ चं खरं ॲव्हरेज १७ गुणिले १.०५६, जवळजवळ १८. घसरणीतला सुमारे एक किलोमीटर इथंच परत मिळाला, एक रुपया खर्च न करता.

पण गंमत पुढंच आहे. जुनं १९.२ तरी खरं होतं का? टायर गोटा झालेले होते, म्हणजे नवीन टायरवर साधारण ८ मिलिमीटर नक्षी असते ती घासून २ वर आलेली. जुन्या चारातला एक घरी ठेवला होता, त्याच्या खाचेत पट्टी घालून मोजलं. ६ मिलिमीटर वरून गेले, ६ खालून, व्यास १२ मिलिमीटरनी कमी, म्हणजे दोन टक्के. टायर लहान झाला की उलटं होतं, चाक जास्त फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. म्हणजे १९.२ मधले दोन टक्के हवेतले, खरं १८.८. टायर झिजत जातो तसं ॲव्हरेज "वाढत" जातं आणि आपण खूश होतो की गाडी मोकळी झाली. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं आणि कळल्यावर तीन दिवस घरच्यांना सांगत होतो, कुणालाही त्यात रस नव्हता.

तर १९.२ ते १७ असं दिसत होतं ते प्रत्यक्षात १८.८ ते १८. २.२ ची घसरण निघाली ०.८ ची. आता या ०.८ च्या मागं लागायचं, हा खरा आजार.

यात पहिला संशयित हवा. टायर बसवणारा पोरगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा मारतो, आल्टो असो नाहीतर स्कॉर्पिओ. माझी घरी आणून सकाळी थंड टायरला मोजली तर दाराच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा ६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) कमी निघाली. दर १ पीएसआय कमी हवेमागं ॲव्हरेज सरासरी ०.२ टक्क्यांनी पडतं असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे, म्हणजे ६ ला सव्वा टक्का. फार वाटत नाही, पण फुकटात मिळतोय तर सोडायचा कशाला. हवा थंड टायरलाच मोजा, पंपापर्यंत दहा किलोमीटर चालवत नेऊन मोजलीत तर टायर तापून आकडा वाढलेला दिसतो, साधारण साडेपाच अंश तापमानाला १ पीएसआय, आणि मग पोरगा म्हणतो जास्त आहे आणि हवा काढून टाकतो. आणि नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, ॲव्हरेजसाठी त्याचे वेगळे पैसे मी तरी देत नाही.

दुसरा संशयित अलाइनमेंट. नवीन टायर टाकताना केलीच असेल असं धरून चालू नका, बिलात लिहिलेली असणं आणि केलेली असणं यात फरक आहे, मला विचारा. चाकं जरा जरी आत किंवा बाहेर तोंड करून असली तरी ती सरळ न फिरता घासत पुढं जातात. तळहात टायरच्या नक्षीवरून आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा, एका दिशेनं करवतीसारखं टोचलं आणि दुसऱ्या दिशेनं गुळगुळीत लागलं तर समजा अलाइनमेंट गेलीय. दुसऱ्या दुकानात मशीनवर लावून प्रिंट घेतली आणि मगच पैसे दिले.

टायर काढघाल झाली की ब्रेक पण बघून घ्या. दहा किलोमीटर फार ब्रेक न मारता चालवा, उतरून प्रत्येक रिमच्या जवळ हात न्या, चिकटवू नका, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. हे टायरच्या साइजमुळं होत नाही पण टायर बदलले त्याच आठवड्यात लक्षात येतं म्हणून दोष टायरवर जातो. तसंच पेट्रोलचं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढत वाढत २०२५ मध्ये २० टक्क्यांवर आलं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. १० टक्केवाल्यावरून २० टक्केवाल्यावर आलात तर लिटरमागं तीन-साडेतीन टक्के ऊर्जा कमीच मिळणार, त्याला टायर काय करणार. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या ॲव्हरेजशी आजच्या टायरची तुलना करू नका, टायर बदलायच्या आधीच्या शेवटच्या दोन-तीन टाक्यांशी करा.

हवा आणि अलाइनमेंट झाल्यावर माझं खरं ॲव्हरेज १८.३ ला आलं. राहिलेलं ०.५ मात्र टायरचंच होतं.

ते का, तर गाडीचं वजन दोन माणसं धरून साधारण हजार किलो, टायर रस्त्यावर दबतो-सुटतो त्यात जी ताकद जाते ती ढोबळमानानं वजनाच्या एक टक्का धरतात, म्हणजे सतत दहा किलोचा जोर लावून कुणीतरी गाडी मागं ओढतंय. हवेचा विरोध वेगाप्रमाणं वाढतो, वेग दुप्पट तर विरोध चौपट, माझ्या खोक्यासारख्या गाडीला ४० च्या वेगाला सहा किलोच्या आसपास आणि ८० ला चोवीसच्या आसपास येतो. म्हणजे गावात फिरताना टायर हाच मोठा खर्च आणि हायवेला हवा. ज्यांचं रनिंग सगळं गावातलं आहे त्यांना टायरचा फरक जास्त जाणवतो तो यामुळं. नवीन टायरवर रबर जास्त, जास्त रबर दबतं-सुटतं, म्हणून नवीन टायर नेहमीच घासलेल्यापेक्षा जड चालतो, आणि नक्षी कमी होत जाते तसा हलका होतो. टायरवाला "रुळतील" म्हणतो त्यातला खरा भाग एवढाच. पण एक माप आहे, टायरचा हा विरोध १० टक्क्यांनी कमी-जास्त झाला तर ॲव्हरेजवर फक्त १ ते २ टक्के फरक पडतो. त्यामुळं कुणी म्हणलं की फक्त टायरनी माझं ॲव्हरेज २० वरून १५ झालं, तर एकतर त्याचा हिशोब चुकलाय नाहीतर गाडीत दुसरंच काहीतरी बिघडलंय.

मोठ्या व्यासाचा अजून एक परिणाम म्हणजे गियर लांब होतात. त्याच वेगाला इंजिनचे फेरे ५.३ टक्क्यांनी कमी. हायवेला पाचव्या गियरला हे बरंच वाटतं, गाडी शांत चालते, ॲव्हरेजला पण फार तोटा नाही. पण एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ९० न्यूटन मीटर, त्याला चाकापाशी पाच टक्के कमी ताकद मिळाली की घाटात जीव निघतो. कुंभार्ली घाटात जिथं मी तिसऱ्यात निवांत चढायचो तिथं आता दुसरा टाकायला लागला, गावात सिग्नलवरून उचलताना हाफ क्लच जास्त, आणि पेट्रोल तिथं जातं. मोठा टायर हायवेला माफ करतो, गावात आणि घाटात वसूल करतो.

रुंदीचं मात्र लोक जरा जास्तच घाबरतात. रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर म्हणजे जास्त घर्षण, असं सरळ नसतं, हवा तेवढीच असेल तर जमिनीला टेकणारा भाग साधारण तेवढाच राहतो, फक्त लांबट असतो त्याऐवजी आडवा होतो. रुंद टायर वारा जास्त खातो आणि सहसा जड असतो, तोटा तिथं. उलटं उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यूची आय३ ही इलेक्ट्रिक गाडी, तिला १५५/७० आर १९ टायर होते, म्हणजे रुंदी आपल्या वॅगनआरपेक्षाही कमी आणि रिम १९ इंची. बॅटरी वाचवायची होती म्हणून उंच आणि सडपातळ टायर. त्यामुळं "मोठा टायर म्हणजे कमी ॲव्हरेज" हे वाक्य कुणी ठणकावून सांगितलं की मी विचारतो, मोठा म्हणजे कुठून मोठा?

हेच माझ्या मेहुण्याचं झालं. त्याची स्विफ्ट, १६५/८० आर १४ होते, अलॉयच्या नादात १८५/६५ आर १५ केले. दाजी, ॲव्हरेज पडलं, तुम्ही ते मीटरचं काढून द्या ना. काढलं. जुना व्यास ६१९.६, नवीन ६२१.५, फरक ०.३ टक्के. कंपनी स्वतःच खालच्या मॉडेलला एक आणि वरच्याला दुसरा साइज देते तेव्हा व्यास असा जुळवूनच देते. म्हणलं मीटर निर्दोष आहे, तुझं जे पडलंय ते खरंच पडलंय. त्याचं अर्ध्या किलोमीटरच्या आसपास पडलं होतं, थोडं वजन, थोडं नवीन रबर, आणि थोडं अलॉय दाखवायला गावभर मारलेल्या चकरा.

ऑफिसातला एकजण उलट केस. आल्टो ८००, १४५/८० आर १२ काढून १५५/६५ आर १३ टाकले आणि सगळ्यांना सांगत सुटला की माझं ॲव्हरेज वाढलं. व्यास ५३६.८ वरून ५३१.७, एक टक्का लहान, मीटर एक टक्का जास्त पळतंय. मी वहीत काढलं, पण त्याला सांगितलं नाही. काही माणसं खूश राहू द्यावीत.

आता करायचं काय. साइज अजून बदलला नसेल तर दाराच्या खांबावर लिहिलाय तोच टाका किंवा तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी देते तो. लोड इंडेक्स, म्हणजे साइजच्या पुढं लिहिलेला ८१, ८५ असा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. घेताना बीईईच्या, म्हणजे सरकारच्या ऊर्जा बचतवाल्या संस्थेच्या, स्टारचं लेबल असलं तर बघा, फ्रिजला असतात तसेच स्टार टायरला पण आलेत, ते याच विरोधाबद्दल सांगतात. आणि साइज बदलून बसला असाल तर व्यासाचा फरक काढा. दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल, कुठं घासत नसेल, तर निव्वळ ॲव्हरेजसाठी टायर परत बदलू नका. महिन्याला १००० किलोमीटरला १८ आणि १८.८ मध्ये जेमतेम अडीच लिटरचा फरक पडतो, अडीचशे रुपये, त्यासाठी पंधरा-वीस हजारांचे टायर काढून टाकण्यात काही अर्थ नाही. ॲव्हरेज काढताना फक्त मीटरचा आकडा व्यासाच्या प्रमाणानं दुरुस्त करून घ्या. स्क्रीनवरचं ॲव्हरेज बघून तर अजिबात नाही, ते पण त्याच फेऱ्यांवर चालतं आणि पेट्रोल अंदाजानं धरतं. एकच पंप, पहिल्यांदा नोझल आपोआप तुटेल तिथंच थांबायचं, "साहेब राउंड फिगर करू का" ला नाही म्हणायचं, आणि कमीतकमी तीन टाक्यांची सरासरी.

माझ्यासारखा पाच टक्क्यांच्या वर फरक असेल तर मात्र गोष्ट ॲव्हरेजपुरती राहत नाही. काटा खऱ्या वेगापेक्षा मागं राहतो. कंपन्या काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवणारा ठेवतात, ती सवलत मोठा टायर खाऊन टाकतो, मग एक्सप्रेसवेला काटा १०० वर ठेवून निवांत चाललेला माणूस कॅमेऱ्यात येतो आणि म्हणतो मी तर लिमिटमध्येच होतो. सर्व्हिसचे १० हजार पण खरे साडेदहा हजार झालेले असतात. आणि एक टायर फाटला म्हणून जुन्या साइजची स्टेपनी पुढच्या चाकाला लावून लांबवर हाणलीत तर डावं-उजवं चाक वेगळ्या व्यासाचं, डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गियर) सरळ रस्त्यावर पण फिरत राहतं आणि एबीएसला (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) पण चारही चाकांचा वेग जुळलेला लागतो, तेव्हा स्टेपनीवर पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं.

मी शेवटी बदललेच, पण ॲव्हरेजसाठी नाही. गावाहून येताना चार माणसं आणि डिक्कीत तांदळाची दोन पोती, घाटातल्या वळणाला स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की पुढचा टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायला लागला, खरर्र खरर्र, आई म्हणली गाडी मोडली का काय. परत १६५/७० टाकले. जीपीएसला १०० आणि मीटरला ९९.८, ॲव्हरेज पहिल्या टाकीला १८.५, आता १८.७ वर स्थिर आहे. १९.२ परत दिसणार म्हणजे टायर परत गोटा झाल्यावरच.

ते १६५/८० चे चारही टायर आता चुलतभावाच्या स्विफ्टवर आहेत, बेस मॉडेल, त्या गाडीचा तो मूळ साइजच. त्याचं मीटर जीपीएसशी चोख जुळतं आणि ॲव्हरेजची एक तक्रार नाही. पैसे निम्मेच दिलेत अजून.